शिकलेल्या आईचा राजीनामा

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस एकमेकांना लागून असलेल्या शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मुख्य गावांना इतिहासाने निरनिराळे उद्योग लावून दिले. शिरूर, ज्याला जुनी माणसे अजूनही घोडनदी म्हणूनच ओळखतात, ते कंपनी सरकारच्या अमदानीत लष्करी छावणीचे ठाणे झाले आणि पूना हॉर्स या रिसाल्याचा तळ तेथे दीर्घकाळ राहिला. दौंडच्या वाट्याला लोहमार्ग आला, १८५८ साली पुण्याहून दिक्सळपर्यंत गेलेली आगगाडी त्याच्या शिवारातून धावली आणि १८७८ मध्ये मनमाडकडे फाटा फुटल्यावर तर ते जंक्शनच बनले. रिसाल्याची चाकरी काय किंवा रेल्वेची हजेरी काय, दोन्ही ठिकाणी नोकरी म्हणजे पुरुषाची नोकरी, आणि घर म्हणजे त्या नोकरीच्या मागे निमूटपणे चालणारे बिऱ्हाड, हा क्रम शंभर-सव्वाशे वर्षे कोणाला विचार करण्याजोगाही वाटला नाही. तो क्रम आता मोडला आहे. परंतु मोडल्यानंतर त्याच्या जागी जे यावयास हवे होते ते आलेले नाही. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, रसायनशास्त्र, कायदा अशा विषयांच्या पदव्या घेऊन, काही वर्षे चांगल्या हुद्द्यावर काम करून, मूल झाल्यावर ज्या घरी आल्या, त्या स्त्रिया आज या मधल्या रिकाम्या जागेत उभ्या आहेत, आणि त्यांच्याविषयी मला काही सांगावयाचे आहे.

या स्त्रिया अकस्मात अवतरलेल्या नाहीत. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि पुढील दोन दशकांत तंत्रशिक्षण तालुक्याच्या वेशीपर्यंत येऊन पोहोचले. घोड आणि भीमा या नद्यांच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या घरांनी आधी मुलगे शिकविले, मग मुली शिकविल्या. आणि त्या मुलींची फी पुष्कळदा साखर कारखान्याकडून येणाऱ्या उसाच्या बिलातून भरली गेली. त्याच काळात रांजणगावच्या महागणपतीच्या शेजारी औद्योगिक वसाहत उभी राहिली, तेथे एलजी, व्हर्लपूल, फियाट यांसारख्या कंपन्यांचे कारखाने आले, तर दौंड तालुक्यात कुरकुंभला रसायनांचे आणि औषधांचे कारखाने निघाले. नवऱ्याची नोकरी रांजणगावला म्हणून शिरूरच्या नव्या सदनिकेत आलेली, किंवा नवरा रेल्वेत अथवा राज्य राखीव पोलीस दलात म्हणून दौंडला आलेली, अशी उच्चशिक्षित सून ही या दोन्ही गावांत आज मुळीच दुर्मिळ राहिलेली नाही. सकाळी शाळेच्या गाडीपाशी मुलाला पोहोचवायला उभ्या असलेल्या आयांच्या घोळक्यात थोडा वेळ थांबले, तरी एम.टेक., एम.फार्म., एम.एस्सी. अशी अक्षरे एकामागून एक ऐकू येतात.

अशाच एका घोळक्यातून ओळख झालेल्या, पुण्यात संगणक क्षेत्रात आठ वर्षे काम केलेल्या शिरूरच्या एका बाईंनी आपली हकीकत फार थोडक्या शब्दांत सांगितली. "राजीनामा मी दिला असं सगळे म्हणतात," त्या म्हणाल्या. "बाळ नऊ महिन्यांचं होतं, सासूबाईंचे गुडघे गेलेले, आणि खराडीहून घरी यायला नगर रोडवर दोन-दोन तास. आता यातलं मी काय दिलं, ते तुम्हीच सांगा." त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, हिशेब मांडणाऱ्या माणसाची स्पष्टता होती, आणि म्हणूनच ते बोलणे मनात रुतून बसले. कारण राजीनाम्याच्या कागदावर सही एका व्यक्तीची असते आणि कारण म्हणून 'वैयक्तिक' असा शेरा असतो. परंतु वाघोलीपासून शिक्रापूरपर्यंत खोळंबणारी वाहने, साडेसहानंतर सुरू होणाऱ्या बैठका, गावात दहा तास उघडे राहणाऱ्या पाळणाघराचा अभाव आणि थकलेली सासू, यांतील एकही गोष्ट वैयक्तिक नसते. ज्या निर्णयाला आपण त्याग म्हणून गौरवितो किंवा शिक्षणाची नासाडी म्हणून हळहळतो, तो निर्णय बहुधा स्त्रीने घेतलेलाच नसतो. तो रस्त्याने, पाळीने आणि घड्याळाने घेतलेला असतो, आणि त्यावर सही करण्याचे काम तेवढे तिच्याकडे येते, असे माझे स्वच्छ मत या दोन तालुक्यांत फिरून झाले आहे.

दौंडकडे हीच गोष्ट लोहमार्गाच्या अंगाने घडते. पुणे येथून पंचाहत्तर किलोमीटर; २०१७ साली या मार्गावर डेमू गाड्या सुरू झाल्यावर पासधारकांची सोय पुष्कळ वाढली, आणि दौंडला राहून पुण्यात नोकरी करणे तरुण मुलींना शक्य वाटू लागले. परंतु जो प्रवास अविवाहित मुलीला किंवा नवविवाहितेला दगदगीचा पण सह्य वाटतो, तोच अंगावर पिणारे मूल घरी असता अशक्य कोटीत जातो. कारण गाडी अर्धा तास बाहेरच्या सिग्नलला थांबली, तर मोठ्या माणसाचा अर्धा तास जातो आणि तान्ह्या मुलाचे एक वेळचे पिणे जाते. कुरकुंभच्या कारखान्यांत नोकरी मिळाली तर अंतराचा प्रश्न सुटतो, पण तेथे पाळीचा प्रश्न उभा राहतो. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने स्त्रियांना सायंकाळी सातनंतर कारखान्यात काम करण्यास दीर्घकाळ मनाई केलेली होती, आणि ती बंधने जसजशी सैल झाली तसतशी तिन्ही पाळ्यांची तयारी हीच योग्यतेची खूण ठरू लागली. संरक्षणासाठी घातलेले कुंपण काढले की आपोआप समता येते, असा समज असणाऱ्यांनी एका दहा महिन्यांच्या मुलाच्या आईला रात्रपाळीचे वेळापत्रक देऊन पाहावे.

अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे नोबेल पारितोषिक ज्या संशोधनासाठी मिळाले, त्याचा एक निष्कर्ष येथे चपखल बसतो. पती-पत्नी सारखेच शिकलेले आणि सारख्याच पगारावर असले तरी, जी नोकरी रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशी, ऐनवेळी हजर राहणाऱ्यालाच भरभरून पैसे देते, ती नोकरी दोघांपैकी एकानेच करणे घराला किफायतशीर ठरते, आणि तो एक जण मूल झाल्यानंतर बहुधा पती असतो. त्यांनी दोनशे वर्षांच्या दप्तरातून असेही दाखविले की शेतीकडून कारखान्याकडे समाज वळला तेव्हा विवाहित स्त्रियांचे अर्थोत्पादन आधी घटले, आणि पुष्कळ काळाने पुन्हा वाढले. हे ऐकताना भीमथडीतील कोणत्याही घराण्याचा इतिहास डोळ्यांपुढे यावा. या शिकलेल्या सुनेची आजेसासू बाभळीच्या फांदीला झोळी बांधून मुलाला निजवी आणि खुरपणीची पात पुढे नेई. तिच्या कष्टांचे उदात्तीकरण मला करावयाचे नाही, त्या झोळीत साप निघाल्याच्या आणि मूल उन्हाने तापल्याच्या कथा प्रत्येक गावात आहेत. पण शेताला मूल चालत असे. प्रयोगशाळेला, यंत्रशाळेला आणि वातानुकूलित कचेरीला ते चालत नाही. आणि गळीत हंगामात याच रस्त्यांनी बैलगाडीत मूल घेऊन फडावर जाणारी ऊसतोड कामगार आई पाहिली, म्हणजे तिच्यापुढे तर नोकरी सोडण्याचा प्रश्नही उभा राहत नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढचे सर्व वाचावे लागते.

शिरूरचे नाव मराठी वाङ्मयात ज्या टोपणनावामुळे कायमचे नोंदले गेले, त्याची आठवण या संदर्भात अपरिहार्यपणे होते. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या अपरिचित नावाने प्रसिद्ध झाला आणि महाराष्ट्रात केवढे वादळ उठले. ही लेखिका कोण, ही बाई असूच शकत नाही, असली तर कोणत्या संस्थेतील, याची चौकशी गल्लोगल्ली चालू झाली. त्या होत्या बाळूताई खरे, कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या आणि पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून वावरलेल्या. सोलापूरच्या तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत अधिकारी म्हणून काम करून, त्या अनुभवातून १९५० मध्ये 'बळी' ही कादंबरी त्यांनी लिहिली. पण १९३३ च्या कथांतील दुःख कोणते होते? शिकलेली, मिळविती झालेली मुलगी, जिच्या पगारावर आईबापांचे घर आणि धाकट्या भावंडांचे शिक्षण अवलंबून आहे, आणि म्हणूनच जिच्या लग्नाची घाई कोणालाही नाही. तिच्या मिळकतीची घराला इतकी गरज की तिच्या वाट्याला संसार आणि मूल येऊच नये, अशी अबोल तजवीज घरातील माणसेच करीत.

नव्वद वर्षांनी त्याच मुलुखात प्रश्न नेमका उलटा होऊन समोर आला आहे. आज लग्नाची घाई आहे, मुलाची त्याहून अधिक आहे, आणि एकदा मूल झाले की जिच्या पदवीपायी उसाची तीन-चार बिले गेली तिची मिळकत ही घरातील सर्वांत प्रथम वगळता येण्याजोगी बाब ठरते. त्या काळी अर्थार्जनाने मातृत्व अडविले, या काळी मातृत्व अर्थार्जन अडविते. आणि दोन्ही वेळा घराची सोय काय म्हणते एवढेच पाहिले गेले, हे साम्य मला अत्यंत क्लेशकारक वाटते. विभावरीबाईंनी तो कोंडमारा कथेतून मांडला तेव्हा निदान समाज हादरला. आजच्या कोंडमाऱ्यावर कोणी निषेधसभा भरवीत नाही, कारण तो सुखवस्तू सदनिकेत, गोंडस बाळाच्या छायाचित्रामागे घडत असतो.

दौंड तालुक्यातच पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव हे स्थानक आहे, आणि तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ति मिशन आजही उभे आहे. एकोणिसाव्या शतकातील सर्वांत मोठी विदुषी म्हणावी अशी ही स्त्री. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या उपाध्या दिल्या. १८८१ मध्ये जिला मनोरमा ही कन्या झाली आणि पुढच्याच वर्षी जिचा पती पटकीने वारला. त्याच १८८२ साली पुण्यात हंटर आयोगापुढे साक्ष देताना, स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात अशी मागणी त्यांनी केली, तेव्हा त्यांच्या घरी वर्षा-सव्वा वर्षाचे मूल होते. १८८३ मध्ये त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेस गेल्या, आणि पुढे तेथील व्याख्यानांच्या धबडग्यात मनोरमेला इंग्लंडला परत पाठविण्याचे दुःख त्यांनी सोसले. त्यांच्यावर त्या काळी झालेल्या टीकेचे, विशेषतः धर्मांतराच्या संदर्भातील, कागद पुष्कळ आहेत. परंतु माता आणि कार्यकर्ती यांची ओढाताण ज्या स्त्रीने इतक्या प्रखरतेने अनुभवली, तिने पुढे जी संस्था उभारली तिची रचना कशी होती, इकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही.

रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन पुढे पुण्याला आले, आणि १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुली-बायांमुळे केडगावचे मुक्तिसदन वाढत वाढत सुमारे दोन हजार जिवांचे गाव झाले. त्या एकाच आवारात राहण्याची जागा, शाळा, माग, गोठा, शेती आणि छापखाना होता. ज्या बाईच्या कडेवर मूल होते तिला मूल कोठे ठेवू हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते, कारण मुलांची व्यवस्था ही त्या संस्थेत कामाचीच एक बाब धरलेली होती. आणि ज्या छापखान्यात रमाबाईंचे बायबलचे मराठी भाषांतर जुळविले गेले, तेथे खिळे जुळविणारे हात बायकांचेच होते. मनोरमा मोठी होऊन पदवीधर झाली, आईच्या कार्यात तिने भार उचलला, आणि १९२१ मध्ये, आईच्या आदल्या वर्षी, वारली. रमाबाईंच्या धर्ममतांविषयी कोणी काहीही म्हणो; विद्या, उद्योग आणि अपत्यसंगोपन यांना एका कुंपणाच्या आत आणण्याचे जे काम त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी दौंड तालुक्यातील माळरानावर करून दाखविले, ते त्याच तालुक्याच्या आजच्या औद्योगिक वसाहतीला साधलेले नाही.

कायदा नाही असे नाही. कारखाना अधिनियमानेच तीसहून अधिक स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्यात पाळणाघराची सक्ती केली होती. १९६१ च्या मातृत्व लाभ अधिनियमात २०१७ साली दुरुस्ती झाली, पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत पाळणाघर असावे, आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता यावे, अशी तरतूद आली. तरतूद उदार आहे. पण तिचा खर्च कोणी सोसायचा, हे पाहिले म्हणजे गाठ कोठे पडली ते कळते. ज्या स्त्रीचे वेतन दरमहा एकवीस हजार रुपयांच्या आत आहे आणि जी कर्मचारी राज्य विमा योजनेत येते, तिच्या रजेचे पैसे विमा निगम देते. त्यापलीकडे पगार असलेल्या, म्हणजेच नेमक्या उच्चशिक्षित स्त्रीच्या सव्वीस आठवड्यांचा संपूर्ण भार एकट्या मालकावर पडतो. अशा वेळी लहान कारखानदार मुलाखतीत लग्नाची आणि मुलाबाळांची चौकशी आडून करू लागतो, यात नवल नाही. आणि जितकी पदवी मोठी तितका तो संकोच मोठा, अशी विपरीत अवस्था होऊन बसते. सरकारने दर वर्षी मातृत्वाचे गोडवे गाण्यापेक्षा हा खर्च समाजाच्या सामायिक निधीतून उचलावा, ही मागणी शिरूर-दौंडच्या लोकप्रतिनिधींनी करण्याजोगी आहे.

ज्यांच्यापर्यंत कायदा पोहोचतच नाही, त्यांचीही एक मोठी वस्ती आहे, आणि ती महाविद्यालयांत आहे. दौंडला भेटलेल्या, रसायनशास्त्रात पीएच.डी. असलेल्या एक बाई काही वर्षे तासिका तत्त्वावर शिकवीत होत्या. मातृत्वाच्या रजेविषयी विचारता त्या शांतपणे म्हणाल्या, "रजा मागायला आधी नोकरी तर पाहिजे ना, ताई. आमचे तास असतात, नोकरी नसते." सत्र संपले की नेमणूक संपते, पुढच्या सत्रात नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत, मधल्या काळात मूल झाले तर ज्या जागेचा राजीनामाही द्यावा लागत नाही अशा जागेवरून त्या घरी येतात. राज्य शासनाच्या कायम सेवेतील स्त्रीला २०१८ पासून एकशे ऐंशी दिवसांची बालसंगोपन रजा आहे. त्याच इमारतीत, त्याच फळ्यापुढे उभ्या असलेल्या या स्त्रीला एक दिवसही नाही.

२०२४ साली राज्य शासनाने आठ लाखांच्या आतील वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांतील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे संपूर्ण शिक्षण शुल्क माफ केले. या निर्णयाचे मी मनःपूर्वक स्वागत करते; त्यामुळे उसाच्या बिलाकडे डोळे लावून बसणाऱ्या कित्येक बापांच्या डोक्यावरचे ओझे उतरले असेल. परंतु ज्या मुलीच्या पदवीसाठी सरकारी तिजोरी उघडली, ती सहा-सात वर्षांनी आई होईल, तेव्हा तिच्या गावात सकाळी आठ ते रात्री आठ उघडे राहणारे, विश्वासाचे पाळणाघर असेल काय? ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांच्या अंगणात जी बालवाडी नेली, तिच्यातून अंगणवाडीची कल्पना रुजली, आणि १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने ती देशभर नेली. आज गावोगावी अंगणवाडी आहे, पण ती काही तासांची आहे, आणि तिच्या सेविकेवर आधीच कामांचा डोंगर आहे. २०२२ पासून केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पूर्णवेळ पाळणाघर जोडण्याची तरतूद झाली. रांजणगाव आणि कुरकुंभ यांच्यासारख्या ठिकाणी कारखान्यांच्या वर्गणीतून तशी केंद्रे चालविणे हे काही आवाक्याबाहेरचे काम नव्हे.

या सर्व विवेचनात एक अन्याय माझ्या हातून होऊ नये असे वाटते. घरी राहिलेली प्रत्येक स्त्री पराभूत होऊन घरी राहिली आहे, हे खरे नाही. शिरूरच्याच, औषधनिर्माणाची पदव्युत्तर पदवी असलेल्या एका आईने मला बजावून सांगितले, "मला कुणी घरी बसवलं नाही. मुलगा पहिली तीन-चार वर्षं माझ्याजवळ असावा असं मलाच वाटलं. पण हे सांगितलं की माहेरचे गप्प होतात आणि सासरचे खूश होतात. मला दोन्ही नको असतं." तिच्या या वाक्यात जो स्वाभिमान आहे, त्यापुढे मी नतमस्तक आहे. मूल वाढविणे हे बुद्धीला न शोभणारे काम आहे, असे मानणारा सुशिक्षित समाज आणि ते बाईच्या जातीला लागूनच आलेले काम आहे, असे मानणारा जुना समाज, या दोघांनीही तिच्या निवडीचा मान राखलेला नाही. निवडीला अर्थ येतो तो दुसरा मार्ग मोकळा असताना; तो मोकळा नसल्यामुळे खुषीने घरी राहिलेली आणि नाइलाजाने राहिलेली अशा दोघी बाहेरून सारख्याच दिसतात, आणि खुषीने राहिलेलीलाही आपली खुषी सिद्ध करीत बसावे लागते.

मग तिच्या दिवसाची नोंद सरकारदरबारी कशी होते? २०२४ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणाने असे दाखविले की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी दोनशे एकोणनव्वद मिनिटे देतात आणि पुरुष अठ्ठ्याऐंशी. मुले आणि वृद्ध यांच्या देखभालीची मिनिटे त्याखेरीज. २०११ च्या जनगणनेत सुमारे सोळा कोटी स्त्रियांनी घरकाम हाच आपला मुख्य व्यवसाय असल्याचे सांगितले, पुरुष अवघे अठ्ठावन्न लाख. आणि तरी त्या सर्वजणी 'काम न करणाऱ्या' या सदरात गेल्या. हे वर्गीकरण अपमानास्पद आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच कठोर शब्दांत सुनावले होते. ५ जानेवारी २०२१ च्या निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी तर अपघातात मृत झालेल्या गृहिणीचे उत्पन्न गृहीत धरण्यामागील तत्त्व विस्ताराने मांडले, आणि तिच्या श्रमाची दखल घेणे हे समतेचेच अंग आहे असे प्रतिपादन केले. म्हणजे या देशात गृहिणीच्या कामाचा रुपयांत हिशेब होतो खरा, पण तो मोटार अपघात न्यायाधिकरणात, ती गेल्यानंतर.

नव्या जनगणनेचा संदर्भ-दिनांक १ मार्च २०२७ असा जाहीर झालेला आहे. प्रगणक म्हणून दारात येईल ती बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षिका असेल, कदाचित तिचेही लहान मूल त्या वेळी शेजारणीकडे ठेवलेले असेल. शिरूरच्या त्या औषधनिर्माण-पदवीधर बाईंना मी विचारले की व्यवसायाच्या रकान्यात तुम्ही काय सांगाल. त्या म्हणाल्या, "दोन्ही सांगणार. फार्मासिस्ट आहे, आणि सध्या मूल सांभाळते. लिहायला जागा नसेल तर जागा करा म्हणणार."